वीरासमोरची खुर्ची

४ जानेवारी २०२५, शनिवार. जुन्नर.

आले बाई एकदाची! चिंचवडहून सकाळी नऊला निघालेला टेम्पो दीड वाजता पेठेत टेकला. त्यातला पाऊण तास ड्रायव्हरने नारायणगावात मिसळीवर घालवला, आणि वर मलाच विचारतो, ताई, बदलीचं सामान एवढंच? संसार कुठाय? म्हटलं, संसार या अकरा बुटांच्या खोक्यांत आहे, जपून उचला. त्याने एक खोकं कानाशी धरून चक्क खुळखुळवलं. मी असा आवाज चढवला की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. जमीन मोजणाऱ्या भूकरमापकाला दोन बांधांपलीकडे हाक पोचवावी लागते, तिथे नाजूक गळ्याचं काम नाही.

खोली कांतीलालशेठच्या भुसार दुकानावर आहे. त्यांच्या आजोबांनी राजस्थान सोडलं, हे माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. त्यांच्या पत्नी उगमबाई, मुलगा कल्पेश आणि सून डिंपल असं घर. अट एकच, वर अंडं-मांस शिजवायचं नाही. ते मी कबूल केलं. पण उगमबाईंनी माझे ब्रश पाहिले आणि केस जनावराचे आहेत का असं विचारलं, तेव्हा मात्र नायलॉनचे म्हणून बेधडक सांगितलं. देव माफ करो, पण नायलॉनने डोळ्याची बाहुली रंगवून दाखवा कुणीतरी!

शेठजींनी गोदामातलं फळीचं मोठं टेबल वर चढवून दिलं. अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे एक जादा. खिडकीतून शिवनेरी दिसतो. खोकी उघडून माणसं मांडली आणि मगच चहा टाकला.

माणसं म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक. माझा धाकटा भाऊ ऋषी हिंजवडीत नोकरी करतो आणि घरच्या थ्रीडी प्रिंटरवर ही राळेची माणसं छापतो. तो छापतो, मी रंगवते. मग टेबलावर डोंगर, नदी, तटबंदी मांडायची, तो एका बाजूला, मी समोर, फासे आणि मोजपट्टी घेऊन दिवसभर लढाई. आई गेली तेव्हा ऋषी नऊ वर्षांचा होता, मी एकवीस. त्या वर्षी तो कुणाशी बोलायचाच नाही. मी काड्यापेटीच्या काड्यांचे सैनिक केले आणि त्याच्यासमोर मांडले, तेव्हा पहिल्यांदा म्हणाला, तायडे, तुझे कमी आहेत. तिथून सुरू झालंय हे. लग्न-बिग्न राहिलं ते राहिलंच. माझं जगात काय आहे म्हणाल तर हा एक उंटासारखा वाढलेला मुलगा.

गेले सात डाव मी हरले आहे. पुढचा ९ फेब्रुवारीला, रविवारी, इथे. या खेपेला माझ्याकडे साठ भालाईत आहेत, आणि तो रडत घरी जाणार आहे!

७ जानेवारी, मंगळवार

काल हजर झाले आणि आज लगेच मोजणीला पिंपळवंडी. ठकूबाई म्हणून सत्तरीपुढची म्हातारी आहे, तिला दोन मुलांत रान वाटून द्यायचंय. म्हातारी कसली, हवालदार! उसाकडेने आम्हा तिघांना तिने ओळीने चालवलं. म्हणाली, बिबट्या काय साहेब बघत न्हाई का शिपाई बघत न्हाई, मुकाट चला.

बांधाच्या टोकाला कमरेएवढा वीरगळ आहे. गावातले त्याला नुसतं वीर म्हणतात. मी मोजणीच्या यंत्राचं खोकं नेमकं त्याच्यासमोर ठेवून त्यावर बसले आणि आकडे लिहायला लागले. ठकूबाईने येऊन दंडाला धरून उठवलंच मला. वीराच्या म्होरं बसू नाय, बाई. म्होरं दिसंल तो त्याला वैरी वाटतो. पाठीमागं बस, पाठचा त्याचा आपला माणूस, त्याला तो राखतो. आणि खरंच, तिच्या रानातल्या बाया भाकरी सोडतात त्या दगडाच्या पाठीमागे, तिथे टळटळीत ऊन असलं तरी. म्हटलं, वा, बसायची एवढी शिस्त आमच्या कार्यालयातसुद्धा नाही.

पण खरी गंमत पुढेच. या दगडावर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत गेला होता आणि गेल्या आठवड्यात तो सगळा थर आपोआप गळून पडला. त्याला कवच म्हणतात. आत लख्ख काळा दगड, भाला धरलेला माणूस, मिशासुद्धा शाबूत. गळलेलं कवच एका घमेल्यात ठेवलं होतं, येत्या अवसेला नदीत सोडायचं म्हणून. खारीसारखे पापुद्रे, आणि रंग... काय सांगू! बाटलीतला कुठलाही लाल याच्यापुढे पाणी भरेल.

माझ्या भालाइतांच्या मुंडाशांना मी दोन महिने असा रंग शोधतेय. ठकूबाई पाणी आणायला वळली तेव्हा ओंजळभर तुकडे रुमालात बांधले. चोरी म्हणा हवं तर. नदीत जाऊन वाया जाणार, त्यापेक्षा कामाला येईल. हौसेला मोल नाही.

१२ जानेवारी, रविवार

आजचा दिवस सोन्याचा. शेंदूर खलात कुटला, जुन्या ओढणीतून वस्त्रगाळ केला, रंगाच्या चिकट द्रावात कालवला. साठही जणांना काळ्या अस्तराचा हात आधीच दिला होता. त्यावर मुंडाशी आणि शेले रंगवायला बसले ती उन्हं उतरेपर्यंत उठलेच नाही.

कामाची माझी एक घाणेरडी सवय आहे. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठात धरून ओढायचा, जिभेवर फिरवायचा, आणि मग लावायचा. सगळे रंगारी करतात, आणि कुणी कबूल करत नाही. शेंदूर किंचित गोडसर लागतो, नंतर तोंड कसनुसं होतं. पण टोक कसं आलं म्हणून सांगू! मुंडाशाची एकेक घडी वेगळी काढली.

ऋषीला फोटो पाठवला. त्याने नुसतं लिहिलं, हे चीटिंग आहे तायडे. जळला! मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले.

१९ जानेवारी, रविवार

साठही झाले. सहाच्या दहा रांगा. रोज कार्यालयातून आले की दोन तास बसत होते, त्याचं चीज झालं. गळा थोडा बसलाय, रानातल्या धुळीने असेल.

आज कल्पेश वर आला. तिशीचा आहे, हिशेबी आणि लाजाळू. त्याला खेळ शिकायचाय. पलीकडच्या खुर्चीवर बसवला आणि सांगायला लागले, की तू वैरी, मी इकडची, फासा टाकायचा, चारच्या वर आला तर घाव बसला. तो मान डोलवत होता. मग एकदम ओरडून उभा राहिला. डाव्या हाताला, मनगटाच्या वर, चांगलं रक्त आलं होतं. मधलं मला नीट आठवत नाही, मी बहुतेक ब्रश धुवत होते. मी विचारलं, काय लागलं रे? तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, काही नाही ताई, टेबलाचा खिळा असेल. आणि गेला.

मी फळीवर सगळीकडे हात फिरवून पाहिला. खिळा नाही. भालाइतांचे भाले टाचणीएवढे, त्यांनी काय रक्त येणार आहे? त्यातल्या पुढच्या रांगेवर दोन थेंब उडाले होते. पुसून घेतले.

२२ जानेवारी, बुधवार

दोन गोष्टी लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जातील.

एक. मी भालाईत खिडकीकडे तोंड करून ठेवते, उजेडात रंग बघायला. आज कामावरून आले तर साठही जण पलीकडच्या खुर्चीकडे वळलेले. ओळी सरळ, एकाचंही तोंड वाकडं नाही. कुलूप मीच लावलं होतं, मीच उघडलं. सकाळी घाईत मीच वळवले असतील. माझ्याशिवाय इतक्या सरळ रांगा लावणार कोण?

दोन. आज नारायणगावला मोजणी होती. गोरख म्हणून आमचा मदतनीस आहे, गरीब गाय आहे बिचारा. मोजणीची काठी धरून तो बांधावर माझ्यासमोर उभा राहिला, आणि मला त्याचा असा राग आला! राग म्हणजे काय, कानशिलं तापली, दात आवळले गेले. त्याने काही केलं नव्हतं. नुसता समोर उभा होता. मी त्याच्याकडे पाठ केली तेव्हा शांत झाले. हाक मारायला तोंड उघडलं तर फाटक्या भोंग्यासारखा आवाज आला, आणि सगळे हसले. मला नाही हसू आलं. मला माझीच भीती वाटली.

२५ जानेवारी, शनिवार

आवाज गेला. पूर्ण. तोंड उघडते, वारा येतो.

डॉक्टर म्हणाले घशाला आतून सूज आहे. काही वेडंवाकडं खाल्लं का, विचारलं. मी मान हलवली, नाही. गोळ्या दिल्या. ते माझ्यासमोर बसले होते, टेबलापलीकडे. मी पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले.

संध्याकाळी ऋषीचा फोन. घेतला, नुसता श्वास ऐकू गेला असेल त्याला. तो हॅलो हॅलो करत राहिला. फोनवर राग येत नाही. फोनवर तो समोर नसतो. मी फोन कट केला आणि लिहिलं, घसा बसलाय, काळजी नको.

२८ जानेवारी, मंगळवार

ठकूबाई कार्यालयात आली, नकाशाची नक्कल घ्यायला. मी अर्ज पुढे केला तर तिने माझी बोटंच धरली. नखांत शेंदूर. कितीदा घासलाय मी तो, निघत नाही. घमेल्यातला कमी झालेला तिला ठाऊकच होता. काही ओरडली नाही. म्हणाली, कुठं लावलास ते दाव.

खोलीत आणली. दारातूनच टेबल पाहिलं तिने आणि खालीच बसली, भालाइतांच्या पाठीमागच्या बाजूला, भिंतीला लागून. मग हळूहळू सांगितलं. शेंदूर लागला की दगड उठतो, बाई, तिथं ह्यो तर मानसाचा आकार. एका वीराला आख्खं गाव पाठीशी घेऊन शिवंवर हुभं करावं लागतं, म्होरची वाट मोकळी सोडावी लागते. तू साठ उठवलेस, आन म्होरं काय ठेवलंस? एक खुर्ची. तिच्यावं जो बसंल तो गेला.

मी पाटीवर लिहिल्यासारखं तळहातावर लिहून विचारलं, ९ तारखेला भाऊ येतोय. तिला वाचता येत नाही. मग खुणेने दाखवलं, एवढा होता, एवढा झाला, इथे बसणार. तिला कळलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, उद्या अवस हाय. उद्याच सोडू.

२९ जानेवारी, बुधवार. अमावास्या.

सकाळी दहाला कुकडीवर गेलो. ठकूबाईने घमेलं आणलं होतं, मी खोकी. एकेक भालाईत पाण्यात सोडला. बोटांना त्यांची वजनं पाठ आहेत. तिसऱ्या रांगेतला डावखुरा, ज्याच्या मिशीला मला अडीच तास लागले होते, तो शेवटी. रडले, आवाजाशिवाय रडताना फार विचित्र वाटतं. उरलेला रंग, खल, ओढणी, सगळं सोडलं.

ठकूबाईने दोनदा विचारलं. समदा गेला ना? कुठं कुठं लावला व्हता, नीट आठव. मी आठवून आठवून मान डोलावली. समदा गेला. तिने हात जोडले, मीही जोडले.

परत येताना सुटल्यासारखं वाटत होतं. ऋषीला लिहिलं की माझी फौज बुडाली, खेळायला काही नाही, डाव रद्द. तो म्हणाला, भारी बहाणा आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

डिंपल आली होती. आत आली नाही, दाराच्या आडोशाने, एक खांदा आत आणि एक बाहेर. हातात दालबाटीचा डबा. डोळे खाली. म्हणाली, ताई, सासूबाई म्हणतात महिनाअखेर खोली सोडा, रागावू नका. आवाज गेल्यापासून जवळ ठेवलेली पाटी मी पुढे केली, का?

ती रडायलाच लागली. म्हणाली, ताई, तुम्हाला खरंच आठवत नाही का? खिळा नव्हता. तुम्ही बोलता बोलता थांबलात, यांच्याकडे बघितलंत, आणि रंग खरवडायचं ते छोटं पातं उचलून घातलंत यांच्या हातावर. दुसऱ्यांदा उचललंत तेव्हा हे उठून पळाले. सात टाके पडलेत. यांनी सगळ्यांना शपथ घातली, बाई माणूस आहे, एकटी आहे, बोलायचं नाही.

मी.

खिळा नाही, भाले नाहीत. मी.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून एकच हिशोब. साठ जण बुडाले, तरी आज कांतीलालशेठ जिन्यात समोरून आले तेव्हा माझ्या मुठी वळल्या. मग कुठे राहिला शेंदूर? नखांत? नखं मुळापर्यंत कापली.

मग ब्रश दिसला. कोरडा, पेल्यात उभा. आणि हात आपसूक गेला, उचलून ओठांत —

जीभ.

आठ दिवस, रोज दोन तास. एकेका घडीला एकदा. साठ मुंडाशी, साठ शेले. त्यांच्या अंगावर लागला असेल त्याच्या चौपट मी गिळलाय. आई सांगायची, पूर्वी गवयाचा गळा घालवायला त्याला शेंदूर चारायचे. ठकूबाई विचारत होती, कुठं कुठं लावला. मी मान डोलावली. बाई गं, काय केलं मी हे!

फोनवर शोधलं. शेंदरात शिसं असतं, शिशाने माणूस चिडका होतो, डोकं फिरतं. मिळालं कारण! तासभर घट्ट धरून बसले ते. पण शिसं माणसाला पाठीमागे उभ्या असलेल्याचा लळा लावत नाही. ठकूबाई पाठीशी होती, डिंपल आडोशाला होती, त्यांच्यावर का नाही आला राग?

ऋषीला लिहिलं. येऊ नको. खरंच येऊ नको.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रजा टाकली. ऋषीला सगळं लिहून पाठवलं, पहिल्यापासून, काही न लपवता. केवढी मोठी चूक केली मी! आता तो म्हणतो, तायडे, तू आजारी आहेस, शनिवारची सुट्टी मिळत नाही पण रविवारी सकाळी तुझ्याकडे, तिथून थेट पुण्याला दवाखान्यात. मी लिहिलं, आलास तर मारेन. त्याने लिहिलं, मार, पण येणार.

किती गोड आहे माझा मुलगा. किती मूर्ख आहे.

पिंपळवंडीला गेले. एसटीत अगदी पुढच्या बाकावर, काचेकडे तोंड करून, म्हणजे सगळी माणसं पाठीमागे. ठकूबाईला जीभ दाखवली. तिला कळायला क्षणसुद्धा लागला नाही. ती उठून माझ्या पाठीमागे जाऊन बसली आणि मला पाठीमागूनच मिठी मारली. मी खुणेने विचारलं, कधी गळतं हे? म्हणाली, दगडाचं पन्नास-साठ वर्सांनी गळतं, आपसूक. मानसाचं म्या न्हाई पायलं गं लेकी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज आरशासमोर वेणी घालत होते. समोर एक बाई दिसली.

हाताला नऊ काचा लागल्या. तिलाही सोडत नव्हते मी.

आरशाची चौकट भिंतीकडे फिरवून ठेवली. पाती, कातरी, सुऱ्या, टाचण्यासुद्धा, एका पिशवीत घालून जिन्यात ठेवल्या आणि उगमबाईंना चिठ्ठी, घेऊन जा, परत देऊ नका.

८ फेब्रुवारी, शनिवार

पळून जायचं ठरवलं. कुठेही, भीमाशंकरच्या रानात, जिथे माणूस नाही. तो येईल, खोली रिकामी बघेल, परत जाईल.

स्टँडपर्यंत पोचले नाही. बाजाराची गर्दी — सगळी माणसं समोरून — सगळी माझ्याकडेच — एका म्हातारीच्या पदराला हात घातला मी. सोडला. कसा सोडला माझं मला माहीत. माझ्याच पदराने डोळे झाकून भिंतीला धरून परत आले.

दाराला आतून कडी नाही. नुसतं लॅच. टेबल लोटायचा प्रयत्न केला, हलत नाही.

त्याला लिहिलं, तुझ्या पाया पडते. तो म्हणतो, झोप शांत, उद्या आहे मी.

९ फेब्रुवारी, रविवार

खुर्ची भिंतीकडे फिरवून बसलेय. पांढरी भिंत. बरं वाटतं. दाराबाहेर कागद लावलाय — ऋषी, परत जा.

गाडी थांबली. त्याचीच.

शेठजी बोलतायत खाली. जेवत नाहीत हो, दार उघडत नाहीत, बरं झालं भाऊ आलात, दुसरी किल्ली आहे आमच्याकडे —

आत आला. मी वळले नाही. पाठीमागे उभा आहे. खांद्यावर हात ठेवलाय. तायडे, म्हणाला.

पाठीमागे आहेस ना. मग ठीक. तिथेच थांब बाळा. तू पाठीमागे असताना मी अख्ख्या जगाशी लढेन तुझ्यासाठी, खरंच, आत्ता कळतंय ते कसं वाटतं —

रडतोय. म्हणतो भिंतीकडे काय बघतेस, माझ्याकडे बघ तरी. वहीत मोठं लिहून खांद्यावरून दाखवलं, समोर येऊ नको. वाचलं. नाक ओढत हसला. एवढी भीती हरायची? एक डाव खेळू, मग निघू, तुला बरं वाटेल.

खुर्ची फिरवली. मला खुर्चीसकट फिरवलं. टेबलाकडे.

बसला. समोर.

खाली बघतेय. फक्त वहीत. त्याच्या बोटांपर्यंतच दिसतंय. डबा उघडला, त्याची माणसं काढतोय. निम्मी मला देतोय, घे तायडे, वाटून घेऊ. एकाचा भाला वाटेत मोडला म्हणे, चिकटवायला हवा. चाकू, डिंक, कानस मांडली —

माझ्या बाजूला मांडली —

ऋषी हे वाच. वही सरकवतेय. समोरून ऊठ. माझ्या पाठीमागे ये. पाठीमागे ये बाळा वर बघू नको

परत सरकवली. म्हणतो डाव झाल्यावर वाचतो

अक्षर लागत नसेल तुला डाव्या हातानं लिहितेय रे उजवा माझा ऐकत ना